काशीदादाने मजबूत करून घेतलेली गाडी

मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो आणि वर गाडीची पूजा सुरू झाली होती. मला फक्त पाय दिसत होते. जोडवी घातलेले दोन पाय, आणि बाजूला पुरुषाच्या चपला. बॉनेटवर बोटं फिरल्याचा आवाज आला, म्हणजे हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढणं चाललं होतं. मग एक हात खाली आला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला लागला.

"वहिनी, लिंबू थांबवा," मी खालून ओरडलो. "अजून मी खाली आहे."

"तू बग रे भाऊ तुझं. मुहूर्त टलंल."

आधी तपासणी, मग पूजा, हा माझा नियम. पण खारबावच्या त्या अंगणात माझा नियम कोण विचारतोय? यमुनावहिनींनी लिंबू ठेवलं आणि पाय दुसऱ्या चाकाकडे गेले.

मी भोईर, भिवंडीजवळच्या शेलार गावचा. ठाण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये बॉडीशॉपला उभा जन्म काढला. बॉडीशॉप म्हणजे ठोकलेल्या गाड्या सरळ करायचा विभाग. रिटायर झाल्यापासून लोकांना जुन्या गाड्या घेण्याआधी तपासून देतो. चांगली असेल तर चांगली म्हणतो, नसेल तर नाही म्हणतो. त्यामुळे विकणारे बहुतेक मला दारात बघूनच तोंड वाकडं करतात. मला त्याचं काही नाही. मी सोयरीक जमवायला जात नाही.

ही गाडी घेणार होता निखिल. राहनाळला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. बायको अश्विनी ठाण्याला नोकरी करते, मुलगी तीन वर्षांची. रोज सकाळी तिघांनी एका गाडीतून बायपासने जायचं, असा त्यांचा बेत. फोनवर निखिल मला एवढंच म्हणाला होता, "काका, मामाची गाडी आहे. घरातलीच. पण अश्विनी म्हणते, पोरगी बसणार आहे, कोणाला तरी दाखव. तुम्ही फक्त एक नजर टाका."

"नजर टाकायला मी ज्योतिषी आहे का? बघायची तर पूर्ण बघीन."

"बघा. पण मामासमोर जास्त बोलू नका."

हे वाक्य मला तेव्हाच खटकलं. घेणाऱ्यासमोर बोलू नका असं विकणारा म्हणतो. विकणाऱ्यासमोर बोलू नका असं घेणारा कशाला म्हणेल?

गाडी हॉट हॅच होती. दिसायला साधी घरगुती हॅचबॅक, पण इंजिनाला टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. पाय दाबला की मान मागे जाते. तरुण पोरं या गाड्यांवर जीव टाकतात, निखिलही त्यातलाच. म्हणून अशी गाडी जुनी घेताना किती किलोमीटर चालली हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, चालवत कोण होतं.

तेही मी फोनवर विचारलं होतं. निखिल म्हणाला, "मामाचा मुलगा." पुढे काही बोलला नाही. येण्याआधी मी इन्शुरन्सची हिस्टरी काढायला लावली. गाडी ठोकली की माणूस क्लेम करतो, आणि क्लेम रेकॉर्डवर येतो. या गाडीवर एकही क्लेम नव्हता. पाटी कोरी. मी खूश होऊन गेलो होतो.

अंगणात पोचलो तर निखिलचा मामा, काशिनाथ पाटील, हात पुसत पुढे आला. गावात सगळे त्याला काशीदादा म्हणतात. साठीचा माणूस, शेती होती तिथे आता गोडाऊनं उभी आहेत, घर मोठं. यमुनावहिनी त्याची बायको. "तुमी येनार म्हनून सकालीच चालू करून ठेवली," तो म्हणाला. "एकदम गरम हाय."

पाहुण्यासाठी चहा तयार ठेवावा तसं त्याने इंजिन गरम करून ठेवलं होतं. आता याला काय म्हणावं? जुन्या गाडीचं इंजिन थंड असताना चालू करून बघायचं असतं. पहिल्या स्टार्टलाच इंजिनातल्या साखळीची खडखड ऐकू येते, सायलेन्सरमधून निळा धूर निघाला तर दिसतो. गरम इंजिन सगळं झाकून ठेवतं. विकणाऱ्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर समजायचं की दाल में कुछ काला है. पण काशीदादाच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मी म्हटलं, "राहू दे, थंड होईपर्यंत बॉडी बघतो." पुढची चाकं उचलली, खाली स्टँड लावले आणि आत शिरलो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधी जाऊ नका, जॅक सरकला तर सावरायला वेळ मिळत नाही.

खाली गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती काळं कोटिंग. गंज लागू नये म्हणून पोटाला लावतात ते. पण मागचा भाग जुना, धुळकट, आणि ड्रायव्हरच्या पायाखालून पुढे नवंकोरं, जाड. अर्ध्याच गाडीला कोणी कोटिंग करतं का?

इथे थोडं समजावून सांगायला हवं. ट्रकला खाली दोन लांब लोखंडी कणे असतात, ती चेसिस. वर केबिन बसवलेली असते. छोट्या कारला तसं वेगळं काही नसतं. पत्र्याची पेटीच सगळा भार घेते. त्या पेटीतून इंजिनाच्या दोन बाजूंनी दोन पोकळ हात पुढे गेलेले असतात, त्यांना आम्ही रेल म्हणतो. कंपनीत ते ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडतात. शर्टाच्या बटणांसारखे सारख्या अंतरावर ठिपके असतात.

डाव्या रेलवर ठिपके होते. ड्रायव्हरच्या बाजूला नव्हते. तिथे एक सलग शिवण होती. मी स्क्रूड्रायव्हरने कोटिंग खरवडलं, मग मुठीकडच्या बाजूने ठोकून बघितलं. डावी रेल पोकळ वाजली. उजवी वाजलीच नाही, ठक्क झाली. पत्र्याच्या जागी जाड लोखंड होतं. ट्रेलरच्या सांगाड्याला वापरतात तो चॅनेल.

वेल्डिंगमध्ये मात्र खोट काढता येत नव्हती. एवढी सरळ, भरीव शिवण मी वर्कशॉपमध्येही क्वचित बघितली. हात भिवंडीचाच, ट्रक-ट्रेलरवाला. आमच्याकडचे मिस्त्री वाकलेला ट्रेलर असा सरळ करून देतात की बघत राहावं. हा त्यातलाच कोणीतरी.

मी बाहेर आलो. बॉनेट उघडलं. मडगार्डचे बोल्ट बघितले. कंपनीने बसवलेल्या बोल्टवर बॉडीचाच रंग असतो, आणि पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो. इथे बोल्ट नवे, बिनरंगाचे. रेडिएटर नवा, इंटरकूलर नवा. इंटरकूलर म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, ती या गाड्यांना अगदी पुढे असते. काचा बघितल्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनल्याचा शिक्का असतो, सगळ्या काचांचा जवळपास सारखा पाहिजे. पुढची काच बाकीच्यांपेक्षा पुष्कळ नंतरची होती.

मग आत बसलो आणि चावी अर्धी फिरवली. चावी फिरवली की डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदा पेटतात आणि विझतात. एअरबॅगचाही पेटून विझायला पाहिजे. इथे तो पेटलाच नाही.

"एअरबॅगचा दिवा कुठे आहे?" मी विचारलं.

"तो सारका पेटत राह्यचा," काशीदादा म्हणाला. "मिस्त्रीच्या वायरमनला सांगून बंद करून टाकला."

सहज म्हणाला. घरातला खराब बल्ब काढल्यासारखं. मी स्टिअरिंगच्या मधल्या झाकणावर अंगठा दाबला, ते आत गेलं. खाली पोकळ. बाजूच्या सीटसमोरही तेच. एअरबॅग उडून गेलेल्या होत्या आणि वर झाकणं चिकटवलेली होती.

मी खाली उतरलो. "काशीदादा, ही कधी ठोकली होती?"

निखिल जमिनीकडे बघायला लागला. यमुनावहिनींच्या हातात ताट होतं, त्यातला नारळ फोडायचा बाकी होता. उत्तर त्यांनीच दिलं.

"माझा अक्षय हिच्यातच गेला."

आयुष्यभर ठोकलेल्या गाड्यांत वावरलो, पण गाडी गेल्यावर घरात काय होतं ते आम्हाला बॉडीशॉपमध्ये दिसत नाही. मी नुसतेच हात जोडले.

मग तुकड्यातुकड्याने कळलं. एकुलता एक मुलगा. मागच्या वर्षी बायपासवर पुलाच्या कठड्याला गाडी आदळली, ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा. जागेवर गेला. इन्शुरन्सचा माणूस घरी आला तेव्हा काशीदादाने त्याला दारातून परत पाठवला. पोराच्या जिवाचे पैसे घेणार नाही म्हणाला. म्हणून रेकॉर्ड कोरं. भंगारवाले आले, त्यांनाही हाकललं. गाडी राहनाळला नेली, ओळखीच्या मिस्त्रीकडे, जो त्याच्या ट्रेलरांची कामं करायचा.

आता वर्षश्राद्ध झालं होतं. गेलेल्याच्या वापरातल्या वस्तू भाच्याला द्यायच्या, ही त्यांच्या घरची रीत. शंभर ब्राह्मण जेवू घालण्यापेक्षा एका भाच्याला द्यावं, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. घड्याळ दिलं, बुलेट दिली. राहिली ही. निखिल फुकट घ्यायला लाजत होता, म्हणून नावाला व्यवहार ठरवला. पुलाच्या कठड्यापाशी शांतीची पूजाही करून झाली होती. गाडीत आता काही दोष उरला नाही, असं घरातल्या सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांच्या दृष्टीने तपासणी केव्हाच झाली होती. मीच उशिरा आलो होतो.

इंजिन आतापर्यंत निवलं होतं. खरं तर तपासणी संपली होती, पण काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. आणि खरं सांगू का, विचार करायला वेळही पाहिजे होता. मी गाडी स्टार्ट केली. पहिल्या फटक्यात. खडखड नाही, धूर नाही. टर्बोकडे जाणारा पाइप काढून बोट फिरवलं. तेलाचा पुसट हात लागतो तो चालतो, थारोळं असेल तर टर्बो गेला समजायचा. इथे बोट जवळजवळ कोरडं आलं. स्कॅनर लावला. ताकद वाढवायला पोरं कॉम्प्युटरमध्ये छेडछाड करतात, त्याला रिमॅप म्हणतात, त्याने क्लच आणि गिअरबॉक्स लवकर जातात. तसलंही काही नव्हतं. ब्रेकच्या चकत्या एकसारख्या झिजलेल्या. पोराने गाडी फार प्रेमाने ठेवली होती. ते बघून तर मला आणखीच वाईट वाटलं.

निखिल मला कंपाउंडच्या कोपऱ्यात घेऊन गेला. "काका, रिपोर्टमध्ये काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"नका ना लिहू. मी मामाला नाही म्हणू शकत नाही. मामी आज वर्षानंतर हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्यात. तुम्ही बघितलंत ना?"

"मला आधी सांगायचं होतंस, या गाडीत काय झालं ते."

"सांगितलं असतं तर आला नसतात. असं करतो, मी गाडी नेतो आणि दारात उभी करतो. चालवणार नाही. शपथ."

"आणि पावसात पोरीला ताप आला, रिक्षा मिळेना, तेव्हा?"

त्याने लांबूनच मामीकडे बघितलं.

"उभ्या गाडीला चालायला एकच अडचण पुरते, बाबा. त्या दिवशी तू चावी उचलणार. मागे अश्विनी पोरीला मांडीवर घेऊन बसणार. तुझ्यासमोर ना एअरबॅग, ना दुसरं काही."

"पण मिस्त्रीने तर मजबूत केलीय..."

"तेच तर मरण आहे."

मला त्याचा राग आला होता आणि कीवही आली होती. मामाचं मन राखायला निघालेला हा पोरगा आपल्या लेकीला त्या गाडीत बसवायला तयार झाला होता. पण त्याच्या जागी मी असतो तर त्या अंगणात नाही म्हणालो असतो का, हेही मला छातीठोक सांगता येत नाही.

मी परत आलो आणि सरळ बोललो. आडवळणाने बोलायला मला जमत नाही. "काशीदादा, ही गाडी निखिलला देऊ नका. कोणालाच देऊ नका. ही रस्त्यावर चालवायच्या लायकीची राहिलेली नाही."

काशीदादाला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा लाल झाला. "काय खराब हाय तिच्यात? सांग! मी मिस्त्रीला म्हटलं, खर्चाचं बगू नको. अशी बनव का पुन्ना कोनाचा पोरगा जायला नको. तो चॅनेल बग. ट्रेलर चडला तरी वाकायचा न्हाय!" आणि निखिलकडे वळून म्हणाला, "आनि तू रे? मामा देतो तर मानसं आनून तपासतोस? धर्माची गाय आनि दात का गं न्हाय!"

निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याने मान वर केली. "मामा, माझी पोरगी बसणार आहे त्यात."

काशीदादाने तिथल्या तिथे मिस्त्रीला फोन लावला, स्पीकरवर. "मिस्त्री, इधर एक साब आया है. बोलता है, तुम्हारा काम खराब है."

"कौन साब?" पलीकडून आवाज चढला. "सेठ, मेरी वेल्डिंग टूट जाए तो मेरा हाथ काट देना."

"मिस्त्री, भोईर बोल रहा हूँ," मी म्हटलं. "वेल्डिंग एक नंबर है. टूटेगी नहीं. यही तो मुसीबत है. कार का आगे का हिस्सा दबना चाहिए ना?"

पलीकडे ग्राइंडरचा आवाज येत होता, तो कोणीतरी बंद केला. मग मिस्त्रीचा आवाज खाली आला. "साब, ट्रक में तो ड्राइवर ऊपर बैठता है," तो म्हणाला. "नीचे जितना लोहा डालो, उतना अच्छा. सेठ ने बोला मजबूत बनाओ, तो मैंने मजबूत बना दिया. कार मैंने पहली बार खोली थी."

त्याने खोटं काही केलं नव्हतं. जे काम तो रोज करतो ते त्याने जीव ओतून केलं होतं. गाडी फक्त चुकीची होती.

काशीदादाने फोन खिशात ठेवला, पण त्याला अजून पटलं नव्हतं. कंपाउंडला माड होते. मी त्यांच्याकडे हात केला. "दादा, माडावरून नारळ खाली पडतो. फुटतो का?"

"न्हाय फुटत."

"आणि सोललेला नारळ तेवढ्याच उंचीवरून टाकला तर?"

त्याने यमुनावहिनींच्या ताटातल्या नारळाकडे बघितलं. "चिरफल्या व्हतील."

"वरचं काथ्याचं सोडण मार खातं म्हणून आतलं वाचतं. गाडीचं नाक म्हणजे ते सोडण. कंपनी ते मुद्दाम मऊ ठेवते. आदळली की त्याने चुरगळायचं, धक्का तिथेच जिरवायचा. तुम्ही तिथे ट्रेलरचं लोखंड लावलंत. आता आदळली तर लोखंड वाकणार नाही, सगळा धक्का सरळ आतल्या माणसांना. ती वाचवायला एअरबॅगही नाही."

काशीदादा माणूस शेतकरी. त्याला एवढं पुरलं. तो गाडीच्या नाकावर हात ठेवून उभा राहिला. कुंकू त्याच्या तळव्याला लागलं. "म्हंजे आमी भाच्याला सोललेला नारल देत व्हतो," तो म्हणाला.

मला वाटलं, झालं, माझं काम संपलं. मी पाने गोळा करायला वाकलो. तेव्हा त्याने विचारलं, "मग तवा? तवा तर सोडण व्हतं ना? मग माझा पोऱ्या कसा गेला?"

या प्रश्नाला मी तयार नव्हतो. निखिलकडे त्या दिवसाचे फोटो होते, पोलिसांनी बोलावलं तेव्हा काढलेले. त्याने ते कधी कोणाला दाखवले नव्हते. फोन माझ्या हातात दिला. मी सावलीत जाऊन एकेक फोटो मोठा करून बघितला. नाक पूर्ण चुरगळलेलं. पण काचेच्या बाजूचा खांब सरळ. ड्रायव्हरचा दरवाजा उघडलेला, न कापता. एअरबॅग लोंबत होत्या. आतली पेटी शाबूत होती. गाडीने तिचं काम चोख केलं होतं.

शेवटच्या फोटोत सीटचा पट्टा दिसत होता. लावलेला पट्टा आदळल्यावर बाहेर ओढलेल्या अवस्थेत अडकून राहतो. हा दारामागच्या खांबाला चिकटून, ताठ, सरळ होता. पट्टा नसेल तर एअरबॅग एकटी काही करू शकत नाही. ती उघडेपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो.

मला उत्तर मिळालं होतं. पण ते त्या आईबापासमोर बोलायला जीभ उचलेना. गाडीत काय खोट आहे ते सांगायचे मी पैसे घेतो. गेलेल्या पोराची चूक सांगायला मला कोणी बोलावलं नव्हतं. काशीदादा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"पट्टा लावला नव्हता त्यानं," यमुनावहिनी म्हणाल्या.

त्यांनी ताट बॉनेटवर ठेवलं होतं. "रोज वरडायची मी. म्हनायचा, आये, आपलाच रस्ता हाय, आपल्याला काय व्हतंय. त्या दिवशीबी माझ्या डोल्यादेखत तसाच गेला."

"तू मना कदी बोलली न्हायस," काशीदादा म्हणाला.

"कशी बोलू? तुमी सगल्यांना सांगत व्हतात, गाडी कच्ची व्हती, गाडीनं मारला. मी म्हटलं, सांगू दे. गाडीला शिव्या दिल्या तर पोराला तरी कोन बोलनार न्हाय."

काशीदादा पायरीवर बसला आणि मोठ्याने रडायला लागला. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही. निखिल त्याच्याजवळ जाऊन बसला, वहिनीही बसल्या. माझेही डोळे भरून आले, ते कशाला लपवू? मी लिंबं उचलून बाजूला ठेवली, स्टँड काढले आणि गाडी खाली घेतली. कोणी मला जा म्हटलं नाही, म्हणून थांबलो.

बऱ्याच वेळाने काशीदादाने विचारलं, "आता हिचं काय करायचं?"

मी दोन्ही बाजू सांगितल्या. कंपनीची नवी रेल घालून, मशीनवर माप धरून, एअरबॅग आणि पट्टे नवीन घालून गाडी उभी करता येते. खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, आणि तरी मी तिच्यात पोर बसवायला सांगणार नाही. दुसरं म्हणजे रीतसर स्क्रॅप करायची आणि रजिस्ट्रेशन रद्द करून घ्यायचं. तेवढं करायलाच हवं. नाहीतर सांगाडा कोणीतरी उचलतो, रंग मारतो, आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या कोणाच्या तरी दारात तीच गाडी उभी राहते.

काशीदादाने दुसरं निवडलं. स्क्रॅपला नेण्याआधी मिस्त्री स्वतः आला आणि आपल्या हाताने लावलेला चॅनेल आपल्याच हाताने गॅसने कापून काढला. काशीदादा शेवटपर्यंत बाजूला उभा होता. जाताना मिस्त्री मला म्हणाला, "साब, अब कोई कार लेके आएगा तो पहले आपको फोन करूँगा." तो खरंच करतो.

निखिलला हॉट हॅचच पाहिजे होती, ते खूळ काही गेलं नाही. अश्विनीने अट घातली की भोईरकाका हो म्हणतील तीच घ्यायची. पहिली मी नाकारली, रिमॅप केलेली निघाली. दुसरीने थंड स्टार्टला निळा धूर सोडला. तिसरीचे ठिपके जागेवर होते, काचा सारख्या, एअरबॅगचा दिवा पेटून विझला, चारही टायर एकसारखे झिजलेले. मी हो म्हटलं.

ट्रायलला काशीदादाही आला होता. निखिल चालवायला, मी त्याच्या शेजारी, मागे काशीदादा आणि गाडी विकणारा. निघणार तेवढ्यात मागून काशीदादाचा आवाज आला. "थांब. पट्टे लावा सगल्यांनी."

विकणारा हसला. "काका, मागे कोण लावतं? आपल्याला इथेच तर जायचंय."

काशीदादाने त्याच्याकडे बघितलंही नाही. "निखिल, गाडी बंद कर."

निखिलने बंद केली. विकणाऱ्याने थोडी कुरकुर केली, मग सीटच्या फटीत हात घालून दडलेलं बकल शोधून काढलं आणि पट्टा लावला. काशीदादाने तो ओढून बघितला. मग गाडी निघाली.

जुनी गाडी घेणारे मला अजून हेच विचारतात, काका, गाडी मजबूत आहे ना? मी सांगतो, मजबूतच पाहिजे असेल तर ट्रेलर घ्या. घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर वेळ आली की पुढून चुरगळेल अशी गाडी घ्या, आणि पट्टा लावून बसा. पट्टा मला तपासता येतो. लावायचं काम तुमचं.